आरोपी क्रमांक १

आमच्या साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर अगदी तळाला दोन ओळी असतात. पहिलीत मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक म्हणून माझं नाव आणि छापखान्याचा पत्ता. दुसरी अशी : "या अंकात प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही." ही वडलांच्या हातची मांडणी. ते गेल्यावर मी त्यांचं नाव काढून माझं घातलं, बाकी काही बदललं नाही. त्या ओळींकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते जून २०१६ मध्ये, रजिस्टर पोस्टाने आलेली नोटीस घेऊन वकीलकाकांकडे गेले तेव्हा. काका वडलांचे मित्र. त्यांनी नोटिशीच्या आधी अंक मागितला, उलटा केला आणि तळाला बोट ठेवलं. "वरच्या ओळीने तू आरोपी होतेस. खालच्या ओळीचा कोर्टात काही उपयोग नाही."

बातमी टँकरची होती. २०१६ चा उन्हाळा ज्यांनी मराठवाड्यात काढला त्यांना तो वेगळा सांगायला नको. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं ते त्याच एप्रिलमध्ये. आमच्या तालुक्यातल्या एका गावाला रोज तीन फेऱ्या मंजूर होत्या. गावात एक यायची, कधी तीही नाही. आमच्या वार्ताहराने माहितीच्या अधिकारात फेऱ्यांच्या नोंदवहीच्या नकला काढल्या. वार्ताहर म्हणजे बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान चालवणारा २२ वर्षांचा मुलगा. बातमीचे पैसे आम्ही त्याला देत नव्हतो, ओळखपत्र तेवढं देत होतो. नोंदवहीत प्रत्येक फेरीपुढे पाणी मिळाल्याची खूण म्हणून गावातल्या बाईची सही किंवा अंगठा होता. फेब्रुवारीच्या पानांवर एकाच बाईच्या नावापुढे १९ अंगठे. आणि ती बाई फेब्रुवारीत गावात नव्हतीच. दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर कोल्हापूरकडे ऊसतोडीला गेली होती, परतली ती पाडव्याच्या सुमाराला. निळ्या शाईचे १९ अंगठे, आणि ज्या हाताचे म्हणून लावले तो हात शेकडो किलोमीटरवर उसाच्या फडात.

मी त्या बाईंना भेटले. मावशींनी नोंदीची झेरॉक्स उजेडात धरली, आपला अंगठा पाहिला, परत झेरॉक्स पाहिली आणि म्हणाल्या, "हा माझा न्हाई ओ ताई. माझ्या अंगठ्याला कोयत्याचा वण हाये." वण खरंच होता, नखाच्या बाजूने तिरपा आत गेलेला. नोंदीतला एकही अंगठा तसा नव्हता.

बातमी पहिल्या पानावर गेली. आमचा अंक शुक्रवारी निघतो. तो शुक्रवार होता १३ मे २०१६. त्याच दिवशी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने अब्रुनुकसानी हा फौजदारी गुन्हा म्हणून कायम राहील असा निकाल दिला. सुब्रमण्यम स्वामी, राहुल गांधी, अरविंद केजरीवाल अशी एरवी एका ओळीत न येणारी माणसं त्या याचिकांमध्ये एका बाजूला होती. आम्ही ती बातमी पुढच्या अंकात आतल्या पानावर चार ओळींत छापली. त्या चार ओळींत माझी पुढची साडेपाच वर्षं होती, हे तेव्हा कुठे कळणार.

नोटीस टँकरच्या ठेकेदाराची होती. "माझे अशिलाचे सांगणेवरून व त्यांनी पुरविलेल्या माहितीवरून" अशी सुरुवात, आणि शेवटी मागणी : सात दिवसांत पहिल्या पानावर बिनशर्त माफी आणि दहा लाख रुपये भरपाई. आमचा अंक तीन रुपयांचा, छापायचो १,४०० प्रती. काकांनी मला समोर बसवून दोन रस्ते समजावले. दिवाणी दावा लावला तर फिर्यादी भरपाई मागणार, आणि छापलेलं खरं ठरलं की दावा संपला. फौजदारीत तसं नाही. तिथे नुसतं खरं असून भागत नाही. ते छापणं लोकांच्या हिताचं होतं हेही दाखवावं लागतं, आणि दाखवायचं आरोपीने. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतलं अब्रुनुकसानीचं कलम ४९९, त्याला दहा अपवाद होते. सार्वजनिक प्रश्नाशी संबंधित माणसाच्या वागण्यावर सद्‌भावनेने केलेली टीका हा त्यातला एक. "अपवाद तुझ्या बाजूचे आहेत," काका म्हणाले, "पण ते उपयोगी पडायला खटला शेवटपर्यंत चालावा लागतो." कलम ५०० खाली शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद.

मी माफी मागणार नाही म्हटलं. नोटिशीला उत्तर गेलं.

आता इथे मला एक गोष्ट सांगायची आहे, जी खटल्याच्या एकाही कागदावर नाही. बातमीत एक चूक होती. ठेकेदाराबद्दल नव्हती. फेऱ्यांच्या नोंदी तपासून बिलं पुढे पाठवणारा म्हणून आम्ही पंचायत समितीतल्या एका लिपिकाचं नाव छापलं होतं. त्या गृहस्थांची त्या टेबलावरून जानेवारीतच बदली झाली होती. वार्ताहराने नाव घेतलं होतं ते टेबलावरच्या जुन्या पाटीवरून, आणि मी ते तपासलं नव्हतं. अंक निघाल्यावर चौथ्या दिवशी, मंगळवारच्या बाजाराला, ते कार्यालयात आले. हातात घडी घातलेला अंक आणि बदलीच्या आदेशाची झेरॉक्स. आवाज चढवला नाही. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, "ताई, छापलेलं नाव काढता येतं का?"

मी त्यांना पाणी दिलं. ते प्यायले नाहीत.

पुढच्या अंकात पहिल्या पानावर, बातमी होती त्याच जागी, तेवढ्याच टाइपात दुरुस्ती छापली. त्याच्या पुढच्या अंकात परत. माझ्या मनात हिशेब पुरा झाला होता. जुलैमध्ये कुणाकडून तरी कळलं की त्यांच्या गावच्या हरिनाम सप्ताहाचा हिशेब अकरा वर्षं त्यांच्याकडे होता, आणि या वेळी वही दुसऱ्याकडे दिली गेली. कुणी आरोप केला नाही, बैठकही झाली नाही. वर्गणी गोळा करायला निघाले तेव्हा वही आधीच दुसऱ्याच्या हातात होती, एवढंच.

हे ऐकल्यावर मला दोन रात्री झोप लागली नाही. श्रावणात सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी मी त्या गावी गेले. काल्याचं कीर्तन संपलं, पंगतीची पानं पडायच्या आधी महाराजांना विचारून माईक हातात घेतला आणि सांगितलं की मी अमुक साप्ताहिकाची संपादक, आम्ही यांचं नाव चुकीचं छापलं, त्या नोंदींशी यांचा काडीचा संबंध नव्हता, चूक माझी आहे. मंडपात सातआठशे माणसं असतील. कुणी काही बोललं नाही. एका म्हातारबाबांनी मान हलवली. ते गृहस्थ खांबाला टेकून खाली बघत बसले होते. वही त्या वर्षी परत आली नाही. पुढच्या वर्षीचं मी विचारलं नाही, माझी छाती झाली नाही.

मी काकांना विचारलं होतं, ते माझ्यावर खटला करू शकतात का? काका म्हणाले, अगदी करू शकतात. फौजदारीला तीन वर्षं मुदत, भरपाईच्या दिवाणी दाव्याला एक वर्ष. पण भरपाई जेवढी मागाल त्या प्रमाणात कोर्ट फी आधी भरायची, वकील द्यायचा, आणि जो लिपिक रोज त्याच तालुक्यात कामाला जातो त्याने वर्तमानपत्राशी वैर धरायचं. ते करणार नाहीत. आणि ते खरंच आले नाहीत. ज्याची अब्रू आमच्यामुळे खरोखर गेली त्याला कायदा परवडला नाही. ज्याच्याबद्दल आम्ही खरं छापलं तो कायद्याच्या दारात पहिला उभा होता.

फिर्याद ऑगस्टमध्ये दाखल झाली, आमच्या गावच्या नव्हे तर ६२ किलोमीटरवरच्या दुसऱ्या तालुक्याच्या कोर्टात. ठेकेदार तिथे राहायचा आणि अंक तिथेही वाचला गेला म्हणून. आम्ही त्या कोर्टाच्या हद्दीबाहेरचे, त्यामुळे कोर्टाने आधी पोलिसांकडून अहवाल मागवला, त्यात काही महिने गेले. मग प्रोसेस, म्हणजे आम्हाला हजर करायचा हुकूम, निघाला. समन्स घेऊन आमच्याच ठाण्याचे हवालदार आले. ओळखीचे. चहा घेतला, मी सही केली, "सांभाळून ताई" म्हणाले आणि गेले. कागदावर मी आरोपी क्रमांक १, वार्ताहर आरोपी क्रमांक २. त्याच्या घरी मात्र तो दुकानात असताना खाकी शर्ट दारात उभा राहिला. त्याची आई धावत माझ्याकडे आली. पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. "त्यानं कुणाला मारलं का ओ?" एवढंच विचारत होती. नाही म्हटलं, लिहिलं. "लिहिल्यावर पोलीस येतेत?" याला मी काय उत्तर द्यायचं.

पहिली तारीख मार्च २०१७. सकाळी ६:४० ची एसटी. कोर्टाच्या भिंतीवर बोर्ड लावलेला, आमचं प्रकरण ४३ वं. साक्षीदार, पक्षकार, कडेवर मुलं घेतलेल्या पोटगीच्या बायका, सगळे त्याच व्हरांड्यात. साडेतीनला पुकारा झाला. आत जाऊन उभं राहिलं की पहिलं होतं ते जामिनाचं. प्रत्येकी १५,००० चा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. जामीनदाराचा सातबारा किंवा घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, आधार, फोटो. माझ्यासाठी चुलतभाऊ आला होता. वार्ताहराला जामीनदार मिळेना. दुकानाच्या मालकाने आदल्या रात्री नाही म्हणून सांगितलं होतं, सख्ख्या मामाने फोन उचलला नाही. शेवटी आले ते आमचे एक जुने वर्गणीदार, निवृत्त शाळामास्तर. वय ७१. धोतर नेसून, घरपट्टीच्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्याबरोबर त्याच एसटीने आले होते. स्टँप व्हेंडरच्या टेबलाशी आमचा नंबर लागेपर्यंत मुलाच्या खांद्यावर हात ठेवून ते सांगत होते, की १८८२ साली टिळक-आगरकरांवर खटला झाला तो राजद्रोहाचा नव्हता, याच कलमाखालचा होता. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे छत्रपतींचा छळ करतात असं 'केसरी' आणि 'मराठा'त छापलं म्हणून. केसरीला तेव्हा जेमतेम वर्ष झालेलं. "दहा हजारांचा जामीन मागितला होता. त्या काळातले दहा हजार! दिला कुणी? जोतीराव फुल्यांच्या शब्दावरून रामशेठ उरवण्यांनी. फुल्यांचं आणि या दोघांचं पटत होतं का? नव्हतं. तरी दिला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, सही कुठे करायची ते दाखवा."

मास्तरांनी त्या दिवशी मुलाला पुढचं सांगितलं नाही. मला ते माहीत होतं आणि त्या साडेपाच वर्षांत माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. टिळक-आगरकरांनी ज्या पत्रांच्या आधारावर लिहिलं ती पत्रं बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली तरी चार महिन्यांची शिक्षा झाली, त्यातले १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. कोल्हापूरचे ते तरुण छत्रपती पुढच्याच वर्षी अहमदनगरच्या किल्ल्यात वारले. म्हणजे ज्या राजासाठी हे दोघे बोलले त्याचे हाल खोटे नव्हते. आणि ज्या कागदावर भिस्त ठेवून बर्व्यांवर लिहिलं तो कागद खोटा होता, म्हणजे बर्व्यांनाही अब्रूची दाद मागण्याचा हक्क होताच. दोन्ही खरं. तुरुंगाने यातल्या कुठल्या गोष्टीचा निवाडा झाला? १०१ दिवस दोन माणसं आत राहिल्याने खोट्या पत्राने झालेलं नुकसान भरून आलं का, की राजाचं दुःख कमी झालं?

वार्ताहराचं आणि माझं यावरून एसटीत नेहमी वाजायचं. तो म्हणायचा, बोलण्यावर कायदाच नको. "ताई, पालघरच्या त्या दोन पोरी आठवा." २०१२ साली बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद का, एवढं फेसबुकवर लिहिलं म्हणून एकीला अटक झाली, आणि ते नुसतं लाइक केलं म्हणून दुसरीला. ज्या कलमाखाली पोलिसांची अशी मजल गेली ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. "त्रासदायक" म्हणजे काय हेच त्यात ठरलेलं नव्हतं, कुणालाही काहीही त्रासदायक वाटू शकतं. त्याचं म्हणणं असं की मर्यादा घालायचा अधिकार दिला की तो कोण वापरणार हे ठरलेलंच आहे. ज्याच्याकडे वकील आहे तो.

मी त्याला लिपिकांचं नाव घेऊन गप्प करायचे. तो खिडकीबाहेर बघायचा. पण एकदा म्हणाला, "मग सांगा ना, त्यांना मर्यादेचा काय फायदा झाला?"

त्याच्याकडे स्पर्धा परीक्षेच्या तयारीचं मराठी संविधान होतं, मी ते एसटीत वाचायला घेतलं. अनुच्छेद १९. भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य पहिल्या खंडात, आणि दुसऱ्या खंडात ते कशासाठी आवरता येईल याची यादी. देशाची सार्वभौमता आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय राज्यांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी, अपराधाला चिथावणी. आणि या सगळ्याच्या आधी एक शब्द : वाजवी. निर्बंध वाजवी हवेत. १९५० च्या मूळ मजकुरात हा शब्द या जागी नव्हता. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने यादी वाढवली आणि तिनेच हा शब्दही घातला. एसटीच्या हिसक्यात मी त्याच्याखाली पेनने रेघ मारली, ती वाकडी गेली. त्या यादीला माझा विरोध नाही. मला विचारायचं आहे ते वाजवीबद्दल.

यादीतल्या शेवटच्या शब्दाबद्दल तर मला शंकाच नाही. २०१८ च्या जानेवारीत, भीमा कोरेगावनंतरच्या बंदच्या दिवसांत, रात्री नऊला दोन माणसं छापखान्यात आली. पाचशे हँडबिलं हवी होती, पैसे रोख, सकाळी सहाला न्यायला येणार. मजकुरात एका वस्तीचं नाव होतं, आणि तिथे किती वाजता जमायचं ते होतं, आणि काय घेऊन जमायचं ते होतं. मी कागद परत दिला. आमचा ट्रेडल चालवणारा माणूस त्याच वस्तीतला, माझ्या मागेच उभा होता. ते मत नव्हतं. ते हत्यार होतं, शाईने छापायचं. असं छापणाऱ्याला तुरुंगात घाला, मी साक्षीला येईन.

पण फेऱ्या आल्या नाहीत असं लिहिणाऱ्याला आणि त्या हँडबिलवाल्याला एकाच पिंजऱ्यात उभं करणं मला वाजवी वाटत नाही. २०१६ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की अब्रू हा माणसाच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ते मला शब्दशः मान्य आहे, सप्ताहाच्या मंडपात खांबाला टेकलेला तो माणूस मी पाहिला आहे. पण मग अब्रू परत मिळेल असं काहीतरी द्या. आठ दिवसांत, त्याच जागी, तेवढ्याच अक्षरात दुरुस्ती छापायची सक्ती करा. तालुक्याच्या कोर्टात, फी न भरता, लिपिकाला मागता येईल अशी भरपाई द्या, मी ती हप्त्याने भरली असती. मला दोन वर्षं आत टाकून त्यांची वही परत आली असती का? श्रीलंकेने २००२ मध्ये फौजदारी अब्रुनुकसानी काढून टाकली. ज्या ब्रिटिशांनी १८६० मध्ये हे कलम आपल्याला दिलं त्यांनी स्वतःकडचा तसा गुन्हा २००९ च्या कायद्याने रद्द केला. तिथली माणसं काही अब्रूविना राहत नाहीत.

तारखांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गुन्हा कबूल आहे का, नाही. फिर्यादी गैरहजर, पुढची तारीख. वकिलांचा बहिष्कार, पुढची तारीख. साहेब रजेवर. साहेब बदलले. फिर्यादीची सरतपासणी अर्धी झाली, उलटतपासणीला तो आलाच नाही. २०२० मध्ये कोरोनाने कोर्टच बंद. रोजनाम्यावर मोजल्या तर ४१ तारखा होतात. आरोपीने मात्र हजर राहायचं, नाहीतर दर वेळी गैरहजेरी माफ करण्याचा अर्ज द्यायचा आणि वॉरंट निघू नये म्हणून जीव मुठीत धरायचा. दोन वेळा अंक शुक्रवारचा शनिवारी निघाला. वार्ताहराच्या दुकानाला तारखेच्या दिवशी कुलूप. २०१९ मध्ये त्याने दुकान काढून टाकलं आणि चाकणला कंपनीत लागला. तिथून तारखेला यायचं म्हणजे दोन दिवसांचा पगार. ओळखपत्र परत द्यायला आला तेव्हा त्याला म्हटलं, ठेव. ठेवलं त्याने, पण एक ओळ पुन्हा लिहिली नाही.

आणि माझं सांगते. २०१८ च्या दिवाळीत एक माणूस एका रस्त्याच्या कामाची फाइल घेऊन आला. मोजमाप पुस्तिकेच्या नकला, फोटो, सगळं. टँकरपेक्षा पक्का पुरावा. मी ती दोनदा वाचली, काकांना दाखवली. काका म्हणाले, छापण्यासारखं आहे, पण एक चालू असताना दुसरी अंगावर घ्यायची का ते तू ठरव. मी ठरवलं. फाइल कपाटाच्या खालच्या खणात ठेवली. त्या माणसाला सांगितलं, बघते. तो तीन वेळा आला, चौथ्यांदा आला नाही. मला कुणी अडवलं नव्हतं. कुठल्याही कोर्टाचा मनाई आदेश नव्हता. ती बातमी मी माझ्या हाताने थांबवली. या कायद्याने काय केलं असं कुणी मला विचारलं तर मी जामिनाचं सांगणार नाही, हा खण उघडून दाखवीन.

फेब्रुवारी २०२२ मध्ये संपलं. फिर्यादी सलग चार तारखा आला नाही. त्याच्या वकिलांनी शेवटची संधी मागितली, ती मिळाली, त्याही दिवशी कुणी नाही. समन्सच्या खटल्यात फिर्यादी गैरहजर राहिला तर आरोपीला सोडता येतं, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २५६. दोन मिनिटं लागली असतील. काकांनी पाठीवर हात ठेवला तेव्हा मला कळलं. मी नकलेसाठी अर्ज केला, नऊ दिवसांनी नक्कल मिळाली. फिर्यादी वारंवार पुकारूनही गैरहजर, सबब आरोपी क्रमांक १ व २ यांना दोषमुक्त करण्यात येते, बंधपत्रे रद्द. टँकर हा शब्द त्यात कुठे नाही. पाणी आलं की नाही याबद्दल एक अक्षर नाही. आमच्या पुराव्याची पाळीच आली नव्हती, त्यामुळे नोंदवहीच्या नकला काकांनी दोरी बांधून तशाच परत दिल्या.

आता नवे फौजदारी कायदे आले आहेत. १ जुलै २०२४ पासून ४९९-५०० च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. कोर्टाने दखल घेण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकायचं अशी तरतूद झाली, हे चांगलं झालं, आम्हाला ते मिळालं असतं तर नोंदवही पहिल्याच दिवशी साहेबांच्या टेबलावर गेली असती. शिक्षेत समाजसेवेचा पर्याय आला. दोन वर्षांची कैद आहे तिथेच आहे.

नक्कल मिळाली त्या रविवारी मी मावशींकडे गेले. त्या नुकत्याच कारखान्यावरून आल्या होत्या, हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे ताजे होते. आमच्या बाजूची मुख्य साक्ष त्यांची व्हायची होती. २०१७ मध्येच त्यांनी सांगून ठेवलं होतं, बोलवा, एक दिवसाची मजुरी गेली तर गेली. दर पावसाळ्यात भेटल्या की विचारायच्या, कधी येऊ? मी सांगितलं, खटला सुटला मावशी, आता यायचं नाही.

त्यांनी कागद हातात घेतला. वाचता येत नाही, पण बराच वेळ बघितला.

"मग पाणी आलं नव्हतं असं लिव्हलंय का यात?"

"नाही."

"माझा अंगठा नव्हता असं?"

"तेही नाही."

त्या आत गेल्या आणि पत्र्याच्या पेटीतून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला जुडगा घेऊन आल्या. फेब्रुवारी २०१६ मधल्या उसाच्या खेपांच्या पावत्या. नवऱ्याने मुकादमाकडून झेरॉक्स काढून आणल्या होत्या, कोर्टात दाखवायला, आपण तेव्हा कुठे होतो ते. शाई फिकी झाली होती पण तारखा वाचता येत होत्या. सहा वर्षं तो जुडगा पेटीत होता आणि मला माहीतही नव्हतं.

"या आता ठिवू का टाकू?" त्यांनी विचारलं.

मी ठेवा म्हटलं. मग म्हटलं, आजच्या दिवस मला द्या, छापायच्या आहेत.